खव्याच्या भट्टीचा तीन इंची ब्लोअर, आणि तो चालता ठेवणारे चाचा

ब्लोअर, म्हणजे भट्टीत वारा फुंकणारा पंखा, चांगला आहे. बसवून देणारा माणूस घाईतला निघाला आणि पहिला दुरुस्त करणारा त्याहून घाईतला. दोष मात्र सगळा ब्लोअरच्या माथी आला, म्हणून हे लिहितेय. ज्यांची लाकडावरची भट्टी आहे, मग ती खव्याची असो, फुटाण्याची असो नाहीतर ढाब्याची, त्यांना यातलं बरंच लागू पडेल.

आमची भट्टी धाराशिव जिल्ह्यातल्या भूम तालुक्यात, बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात. माळरान जास्त, पाणी कमी, म्हणून शेतापेक्षा दावणीवर चालणारी घरं इकडं पुष्कळ. दूध डेअरीला घालायचं नाहीतर आटवायचं. कुंथलगिरीचा पेढा खूप जणांनी खाल्लेला असतो, पण त्याच्यामागं आसपासच्या गावांतल्या असल्या धुरकट भट्ट्या असतात हे खाणाऱ्याच्या ध्यानात नसतं. म्हशीच्या पाच लिटर दुधाचा साधारण किलोभर खवा पडतो, गाईचं असलं तर दूध आणखी लागतं. म्हणजे किलोभर खव्यामागं चार लिटर पाणी वाफ करून उडवायचं. सगळा खेळ जाळाचा आहे.

आणि हा जाळ एकसारखा ठेवून भागत नाही. दूध कढईत पडलं की आधी जाळ भरपूर पाहिजे. उकळी आली की ती धरून ठेवायची, उलथनं थांबू द्यायचं नाही. दूध दाट व्हायला लागलं की जाळ उतरवायचा, आणि गोळा कढईचं बूड सोडायला लागला की जवळपास नुसत्या धगीवर घोटायचं. तिथं जाळ जरा जास्त राहिला की खवा तांबूस होतो, करपट लागतो. व्यापारी चिमूटभर बोटावर घेतो, हुंगतो आणि काही न बोलता भाव पाडतो. लाकडाच्या जाळाला बटण नसतं. सासूबाईंच्या काळात पेटती लाकडं ओढून बाहेर काढायची, पुन्हा आत सारायची, असं चालायचं. त्यांचे डोळे त्यातच गेले असं त्या म्हणतात. डॉक्टर मोतीबिंदू म्हणतात. दोघांचंही खरं असेल.

म्हणून ब्लोअर. बीडच्या एका हार्डवेअरच्या दुकानातून घेतला, दोन हजार चारशेला. ओतीव लोखंडाचा गोल डबा, तीन इंची तोंड, पाव एचपीची सिंगल फेज मोटर, २३० व्होल्ट, २८०० आरपीएम, पाठीला मोटरला सुरू व्हायला जोर देणारा कंडेन्सर. कार्बन ब्रशवाला हलका ब्लोअरही दुकानात होता, निम्म्या किमतीत. तो मी शेजारच्या हॉटेलात पाहिलेला होता. कान फाटतील असा आवाज करतो, कार्बन झिजला की ठिणग्या टाकतो. तासन् तास चालवायचा असेल तर तो नको. सकाळच्या दुधाला भट्टी पेटली की दुपार होते, संध्याकाळचं दूध वेगळंच. तेवढा वेळ चालायला ही जड मोटरच पाहिजे, याबद्दल माझ्या मनात आजही शंका नाही.

सुरुवातीचे महिने सुखाचे गेले. तोंडाशी एक पत्र्याचं शटर आहे, ते सरकवलं की वारा कमी-जास्त. शटर अर्धं लावलं की जाळ बसतो, उघडलं की उठतो. वेड्या बाभळीचा ढीग पूर्वीपेक्षा जास्त दिवस पुरायला लागला, धूर निम्म्यावर आला. धूर म्हणजे न जळलेलं लाकूडच. त्याला हवा मिळाली की तो कढईखालीच जळून जातो. एक गोष्ट मात्र पहिल्याच आठवड्यात कळली: शटर पूर्ण उघडं ठेवायचं नाही. वारा जास्त झाला की राख उडून कढईच्या काठावर बसते, आणि नुसती थंड हवा ढकलल्यासारखी होऊन जाळ उलट पातळ होतो. आमच्या भट्टीला पाऊण शटर पुरतं.

मग किंचाळायला लागला. सकाळी सुरू केला की आधी किर्रर्र, मग गरम झाल्यावर शांत. पुढं शांत व्हायचंही बंद झालं. जवळच्या एका दुरुस्तीवाल्याकडं नेला. कोण ते लिहीत नाही. त्यानं बेअरिंग बदलली. काही दिवसांनी मोटर गुं गुं करून बसली, तेव्हा तो म्हणला वाइंडिंग (मोटरच्या आतले तारेचे वेढे) जळालीय, भरावी लागेल. नऊशे रुपये घेऊन मोटर भरून दिली. फिरायला लागली, आवाजही चांगला. पण जाळ उठेना.

हा प्रकार मला नीट सांगायचाय, कारण इथंच माणसं फसतात. ब्लोअर चालू आहे, मोटर गरम नाही, आवाज आहे, तोंडाला हात लावला तर वाराही लागतो. तरी भट्टी मलूल. एक कढई उतरायला आधी लागायचा त्याच्या दीडपट वेळ लागायला लागला. त्या माणसाला फोन केला तर म्हणला, "वहिनी, लाकडं वली असतील." आमची लाकडं वर्षभर वाळलेली. मग म्हणला लाईट डिम असेल.

लाईटचं म्हणाल तर तो संशय खोटा नव्हता. आमची वाडी डीपीपासून, म्हणजे लाईटच्या ट्रान्सफॉर्मरपासून, लांब, संध्याकाळी सगळ्यांचे बोर्ड एकदम चालू झाले की बल्ब पिवळा पडतो. माझा भाचा आयटीआयला आहे, इलेक्ट्रिशियनला. तो मीटर घेऊन आला. त्यानं एक चांगली गोष्ट शिकवली: व्होल्टेज मोजायचं ते ब्लोअर चालू असताना, त्याच बोर्डावर. बंद असताना मोजलं तर सगळं झकास दिसतं. दुपारी २१५ निघालं, संध्याकाळी १७० ला टेकलं. मोटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गानं उतरते, तो म्हणला. १७० ला गेलं की ताकद निम्म्याच्या जरा वर उरते. आणि आमच्या शेडला जी वायर येते त्याच वायरवर कडबाकुट्टीचं मशीन आहे. दीर कुट्टी चालू करायचे त्या क्षणी ब्लोअर दम टाकायचा. हे आम्ही रोज पाहत होतो, पण कुणी जोडून पाहिलं नव्हतं. कुट्टीला वेगळी, जाड वायर टाकली. तो त्रास गेला. पण दुपारी, २१५ व्होल्ट असतानाही जाळ उठत नव्हता, म्हणजे मूळ रोग तो नव्हता.

मग भाच्यानं पाइप सोडला. ब्लोअरपासून भट्टीच्या जाळीपर्यंतचा लोखंडी पाइप, त्याच्या आतल्या तोंडाला खंगर जमलेला. राख वितळून, मातीबरोबर घट्ट होऊन, विटेच्या खंगरासारखाच काळा-हिरवा. छिन्नीनं फोडून काढला. ज्यांचा ब्लोअर जोरात आणि भट्टी मंद, त्यांनी सगळ्यात आधी हेच पाहावं, पैसे लागत नाहीत. ब्लोअर पाइपापासून सोडवायचा, मोकळा चालवायचा, तोंडापुढं कागद धरायचा. मोकळा जोरात अन् जोडल्यावर मंद, तर रोग पाइपात. मोकळाही मंद, तर रोग ब्लोअरमध्ये. आमचा मोकळाही मंद.

असा तो भूमला मोटरी दुरुस्त करणाऱ्या चाचांकडं गेला. बाजारपेठेत एक लहान दुकान आहे, पाटी अशी नाही, दारात पाणबुडी मोटरींची रांग असते आणि वार्निशचा वास रस्त्यापर्यंत येतो. चाचांचं वय साठीच्या पुढं. बोलणं अर्धं मराठी, अर्धं दखनी. त्यांनी मोटर उघडलीच नाही. प्लग लावला, ऐकलं, बंद केलं, पंखा थांबत आला तेव्हा वाकून आत पाहिलं. मग डब्यावरचा रंग फडक्यानं पुसला. खाली एक बाण होता, ओतकामातच उठवलेला, आमच्या कुणाच्याही नजरेला कधी न पडलेला.

"ताई, मोटर चांगली हाय. उलटी फिरायलीय."

मी म्हणलं, उलटी फिरली तर हवा उलटी नको का जायला, ओढून नको का घ्यायला? तोंडातून वारा तर बाहेरच येतोय.

ते हसले, म्हणाले हेच तर. छताचा पंखा उलटा फिरवला तर वारा वर जातो. हा पंखा तसा नाही. यात हवा मधल्या भोकातून आत येते, पाती तिला गरगर फिरवून कडेला फेकतात, आणि शंखासारख्या वळत गेलेल्या डब्यातून ती तोंडाकडं निघते. पंखा सुलटा फिरो की उलटा, हवा कडेलाच फेकली जाणार आणि बाहेर पडायला वाट एकच. पण डब्याचं वळण अन् पात्यांचा बाक एका दिशेसाठी केलेला असतो. उलट फिरलं की हवा आतल्या आत घुसळते, थोडीच बाहेर पडते. म्हणजे चालल्यासारखा दिसतो, चालत नाही.

मोटर भरताना स्टार्टिंगच्या वायरची दोन टोकं अदलाबदल झाली होती. त्यांनी ती पुन्हा बदलली. चहा येईपर्यंत काम झालं. पन्नास रुपये घेतले, तेही मी हातात कोंबले म्हणून. पुन्हा प्लग लावला तेव्हा समोरच्या टपरीवरचे वर्तमानपत्राचे कागद उडाले.

मला तिथंच उठून यायचं होतं, दूध तापायचं राहिलं होतं. पण चाचांना आता शिकवायचं होतं. त्यांनी टाँग टेस्टर वायरला लावला, अँपिअर दाखवले, आणि विचारलं, हवा आत घ्यायचं भोक मी तळहातानं बंद केलं तर आकडा वाढेल का कमी होईल? मी म्हणलं वाढेल, मोटरला जोर पडेल. त्यांनी हात ठेवला. आकडा खाली आला. दोनदा करून दाखवलं. हवा आत आली नाही तर पात्यांना फेकायला काही उरत नाही, मोटर रिकामी फिरते, भार कमी होतो. आवाजही बदलतो, भरदार घों-घों जाऊन पातळ सूं उरतो. तेव्हापासून मी ब्लोअर कानानं ओळखते. आवाज पातळ झाला की मागच्या जाळीला तुराटीचा भुसा नाहीतर पाचटाचे तुकडे चिकटलेत समजायचं. झाडलं की पुन्हा घों-घों. जाळाकडं पाहायची गरज नाही.

मग त्यांनी विचारलं, बेअरिंग एवढ्या लवकर का गेली. मी बसवणी सांगितली. दुकानानं पाठवलेल्या माणसानं ब्लोअर भट्टीच्या तोंडाला हातभर सरळ पाइपानं जोडला होता, जाळीच्या अगदी समोर, त्याच उंचीवर. चाचांनी डोक्याला हात लावला. ब्लोअर चालू असतो तोवर काही होत नाही, कारण बाहेरची गार हवा त्याच्यातूनच जाते. खरा मार बंद असताना बसतो. लाईट गेली की वारा थांबतो, पण निखारे तसेच असतात. आतली गरम हवा अन् धूर मिळेल त्या वाटेनं निघतो, आणि सगळ्यात सोपी वाट पाइपातून ब्लोअरकडं. ग्रीस पातळ होऊन वाहून जातं, बेअरिंग कोरडी पडते. धुरातला चिकट काळा थर पात्यांवर बसतो, त्यावर राख चिकटते, एका बाजूला जास्त जमली की पंख्याचा तोल जातो आणि पुढं तो थरथरून उरलेली बेअरिंग खातो. आमच्याकडं लाईट किती वेळा जाते हे इकडच्या माणसाला सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी ते नातवाच्या गाडीवर बसून आमच्या शेडवर आले. येण्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत, जेवले मात्र पोटभर, आणि सासूबाईंशी दुष्काळाच्या गप्पा मारल्या, १९७२ च्या. काम असं केलं: ब्लोअर भट्टीच्या बाजूला, चार-पाच फूट लांब नेला, जाळीच्या पातळीपेक्षा खाली. मधे एक वाकण दिलं. वाकणाजवळ पाइपात पत्र्याची सरकती फळी बसवली, जुन्या डब्याच्या झाकणाची. लाईट गेली की पहिलं काम ती फळी आत ढकलायची, मग लाकडं मागं ओढायची. लहान पोरालाही जमतं. बेअरिंग पाहिली तर आधीच्या माणसानं रबरी सीलची घातलेली. इथं धगीजवळ लोखंडी पत्र्याची झाकणवाली बरी, ते म्हणाले, ६२०२ झेडझेड, नावाजलेल्या कंपनीची, खोक्यातून आपल्यासमोर काढलेली. नंबर बेअरिंगवरच कोरलेला असतो, पंधरा मिलिमीटरचं भोक, पस्तीसचा बाहेरचा व्यास. दुकानात फक्त "ब्लोअरची बेअरिंग द्या" म्हणलं की काहीही देतात.

पात्यांवरचा काळा थर त्यांनी रॉकेलच्या फडक्यानं काढला. एका पात्यावर लोखंडाची छोटी चिमटी होती, ती मी घाण समजून उपटणारच होते तेवढ्यात ओरडले. ती तोल साधायला कारखान्यात लावलेली असते. ती गेली की ब्लोअर जन्मभर थरथरणार.

आणि अर्थिंग. यावर ते चिडले होते. भट्टीची फरशी दिवसातून कितीदा धुवावी लागते, दूध सांडतं, पायात चप्पल नसते, आणि पूर्ण लोखंडी डब्याच्या मशीनला दोन पिनांचा प्लग! तीन पिनांचा प्लग लावला, अर्थची वायर डब्याला नटबोल्टनं आवळली, आणि बोर्डात तीस मिलिअँपिअरचा ईएलसीबी, म्हणजे करंट गळायला लागला की लाईट तोडणारं बटण, बसवायला लावला. त्याला ब्लोअरच्या किमतीच्या निम्मे पैसे गेले. आमच्या यांनी कुरकुर केली. मी म्हणलं, द्या.

त्यानंतर ब्लोअरनं दोनदाच खोडी केली. एकदा पुन्हा ते गुं गुं. आवाज आहे, फिरत नाही. पहिल्या दुरुस्तीवाल्यानं याच आवाजावर मोटर जळाली म्हणून नऊशे घेतले होते, तेव्हा हे जरा नीट वाचा. प्लग काढायचा, नुसतं बटण बंद नाही, प्लग. मागच्या भोकातून काडीनं पंखा ढकलून पाहायचा. जड फिरला तर बेअरिंग नाहीतर आत काहीतरी अडकलंय. सहज फिरला तर काडी बाहेर काढून, बाणाच्या दिशेनं एक गरका देऊन, लगेच प्लग लावायचा. गरका दिल्यावर धावायला लागला तर वाइंडिंगपेक्षा कंडेन्सरवर संशय घ्यायचा. आमचा तसाच धावला. कंडेन्सरवर ८ एमएफडी, ४४० व्होल्ट लिहिलेलं होतं. तेवढ्याचाच आणला, शंभराच्या आत. छताच्या पंख्याचा २.५ चा घरात पडलेला असतो, तो लावायचा मोह होतो. लावू नये, जोर येत नाही आणि मोटर तापते. जुना काढताना त्याच्या दोन्ही वायरींना एकदम बोट लावू नये, प्लग काढल्यावरही त्यात भार राहिलेला असू शकतो. भाच्यानं रबरी मुठीच्या पकडीत बल्बाच्या दोन वायरी धरून तो उतरवला.

दुसरी खोडी मे महिन्यातली. बाहेर ऊन बेचाळीसचं, शेडमध्ये त्याहून वर, आणि लग्नसराईमुळं भट्टी उसंत न घेता चालू. ब्लोअर तासभर चालायचा, आपोआप थांबायचा, कुणी काही न करता पुन्हा चालू व्हायचा. दीर म्हणाले वायर ढिली आहे. चाचांना फोनवर विचारलं तर म्हणाले, हात लाव मोटरला, चटका बसतो का? बसत होता. वाइंडिंगमध्ये गरमीची चकती असते, फार तापलं की ती तोडते, गार झालं की जोडते. म्हणजे चकती तिचं काम करायलीय, तिला शिव्या देऊ नका, ती काढून थेट जोडायला तर मुळीच सांगू नका. कारण शोधा. मोटरच्या मागच्या झाकणाच्या फटी काजळी अन् भुशानं बुजलेल्या होत्या, त्या रंगाच्या ब्रशनं साफ केल्या आणि उन्हाच्या बाजूला गोणपाटाचा आडोसा केला. थांबणं बंद झालं. यात धोक्याची बाजू अशी की असा थांबलेला ब्लोअर कुठल्याही क्षणी सुरू होतो. थांबलाय म्हणून जाळीत बोट घालणाऱ्याचं बोट जाईल. प्लग काढल्याशिवाय हात नाही, हे मी शेडच्या भिंतीवर कोळशानं लिहून ठेवलंय.

आता ब्लोअरमधलं जे आवडलं नाही ते. मागची जाळी चार स्क्रूंनी आवळलेली आहे, दर आठवड्याला साफ करायची वस्तू अशी आवळून कोण ठेवतं? आम्ही दोन स्क्रू काढूनच टाकले. ब्लोअरबरोबर पंख्याचा असतो तसा एक प्लास्टिकचा रेग्युलेटर "फ्री" दिला होता. त्यानं मोटर कमी वेगात घुमत राहते, तापते आणि जाळ धरता येत नाही. तो काढा, शटरच वापरा. शटरच्या पत्र्याला मूठ नाही, गरम असताना फडकं लागतं. वॉरंटी कार्डावर सहा महिने लिहिलंय, पण दुकानदार म्हणतो भट्टीला जोडला की वॉरंटी नाही. भट्टीचा ब्लोअर भट्टीला नाही जोडायचा तर कशाला जोडायचा, या प्रश्नाला त्याच्याकडं उत्तर नव्हतं, माझ्याकडं बिल होतं, तरी काही झालं नाही.

गॅसवर जा, फिरत्या कढईचं मशीन घ्या, असं सांगणारे येतात. मशीननं हात वाचतात हे खरं, आणि रोजचं हजार-हजार लिटर दूध असेल तर घ्यावंच. आमच्याएवढ्या दुधाला सिलिंडरचा खर्च अंगावर येतो, आणि लाकूड बांधावरचं. गावातल्या एकानं बारा व्होल्टचा छोटा ब्लोअर बॅटरीवर लावलाय. लाईट गेल्यावर तो कामाला येतो, पण वारा एका लहान कढईपुरता. आमच्या कढईला मी पाहिला लावून, नाही पुरत. लाईट गेल्यावर कढई अर्ध्यात अडकू नये म्हणून तसला एक जोडीला ठेवायचा विचार आहे, पाइपातल्या फळीच्या पुढं, वेगळ्या तोंडानं.

पाचातले गुण द्यायचे तर ब्लोअरला साडेतीन, जाळी अन् शटरची मूठ नीट असती तर चार. बसवणीला शून्य. पहिल्या दुरुस्तीला तेवढेही नाहीत. चाचांना पाच. नवा ब्लोअर घ्यायला गेलात तर दुकानातच प्लग लावायला सांगा, बंद करून थांबत येताना पंखा बाणाच्या दिशेनं फिरतोय का पाहा, बेअरिंगचा नंबर अन् कंडेन्सरचा आकडा वहीत लिहून घ्या. भट्टीच्या काजळीत मोटरवरची आकड्यांची पट्टी वर्षभरात वाचता येत नाही. प्लास्टिकच्या पात्यांचा असेल तर घेऊ नका, पहिल्याच लाईट गेल्यावर वाकडा होईल.

चाचांकडं जाणार असाल तर सकाळी जा. शुक्रवारी दुपारी नमाजाला दुकान बंद असतं, आणि पेरणीच्या तोंडावर पाणबुडी मोटरींची गर्दी एवढी असते की ब्लोअरला दोन-दोन दिवस हात लागत नाही. नुसती मोटर सोडवून नेऊ नका. डबा, पंखा, कंडेन्सर, वायर, प्लग, सगळं जसंच्या तसं न्या. अर्धं सामान घेऊन गेलेल्या माणसाला त्यांनी माझ्यासमोर परत पाठवलंय, आणि तो वाशीहून आला होता, मुंबईकडच्या नाही, आमच्या शेजारच्या तालुक्याच्या.